अहमदनगर येथील ब्रिटिश बनावटीच्या वाहनांचे जतन व पुनरुज्जीवन : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : रणगाडा संग्रहालय, सिल्व्हर घोस्ट, फामागुस्ता, जीर्णोद्धार, दुरुस्ती, जतन, तांत्रिक वारसा.

प्रस्तावना :

मराठी इतिहासलेखनात साधनांची चर्चा प्रामुख्याने कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि वास्तू यांच्या अनुषंगाने झाली आहे. विसाव्या शतकाचा इतिहास लिहिताना यंत्र हेही तितकेच महत्त्वाचे साधन ठरते. तथापि मोटारीसारख्या यंत्राकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. जुनी ब्रिटिश मोटार म्हटली की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांची रोल्स-रॉइस किंवा मुंबईच्या एखाद्या रॅलीत मिरवणारी एमजी, जग्वार अशी स्पोर्ट्स कार येते. अशा मोटारींची निगा राखणे हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली आहे.

वस्तुतः ज्या ब्रिटिश उद्योगाने या स्पोर्ट्स कार घडविल्या, त्याच उद्योगाने चिलखती मोटारी आणि रणगाडेही घडविले. १९४८ मध्ये जग्वार एक्सके १२० या स्पोर्ट्स कारबरोबर जगापुढे आलेले इंजिन पुढे ब्रिटिश सैन्याच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यात बसविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एमजीच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात मोटारींऐवजी रणगाड्यांची दुरुस्ती व जुळणी होत होती. या उद्योगाच्या निर्मितीचा एक महत्त्वाचा संग्रह महाराष्ट्रात, अहमदनगर येथे आहे. (२०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. प्रस्तुत निबंधात त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात अहमदनगर किंवा नगर हे नाव वापरले आहे.)

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) अहमदनगर हे ब्रिटिश बनावटीच्या वाहनांचे केंद्र कसे बनले याचा आढावा घेणे, (२) येथे जतन केलेल्या निवडक वाहनांचे ऐतिहासिक मोल स्पष्ट करणे, (३) जतन, दुरुस्ती आणि जीर्णोद्धार या संकल्पनांमधील भेद तपासणे, आणि (४) या वारशापुढील तांत्रिक व सामाजिक अडचणींची चर्चा करणे. अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे.

१. अहमदनगर : वाहनांच्या निगराणीचे शहर

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा किल्ला घेतला. किल्ल्यालगतच्या भिंगार परिसरात पुढे इंग्रजांची छावणी वाढली. एकोणिसाव्या शतकातील ही छावणी घोडे, बैल आणि तोफगाड्यांची होती. पहिल्या महायुद्धानंतर तिचे स्वरूप पालटू लागले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील फ्लेर-कूर्सलेत येथे रणगाडा प्रथम युद्धात उतरला आणि त्यानंतरच्या दशकात नगर येथे रॉयल टँक कोअरची प्रशिक्षण शाळा कार्यरत झाली. कोरडी हवा, विस्तीर्ण माळराने आणि मुंबई-पुण्याशी असलेला दळणवळणाचा संबंध या बाबी अशा प्रशिक्षणाला अनुकूल होत्या.

१९३८ मध्ये सिंद हॉर्स या रेजिमेंटपासून भारतीय घोडदळाच्या यांत्रिकीकरणास प्रारंभ झाला. लगाम हाती धरणाऱ्या स्वाराला आता क्लच, गिअर आणि कार्ब्युरेटर शिकावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नगर येथील फायटिंग व्हेइकल्स स्कूल व संबंधित प्रशिक्षण संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था आकारास आली. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी वाहन संशोधन व विकास संस्था, अर्थात व्हीआरडीई, हीदेखील नगरमध्येच आहे. फाळणीपूर्वी या संस्थेचे मूळ रावळपिंडीजवळील चकलाला येथे होते. नागरी क्षेत्रात कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७० च्या दशकात ‘लुना’ घराघरांत पोहोचविली, तिचाही कारखाना नगरचाच.

या सर्व घडामोडींतून एक वैशिष्ट्य समोर येते. डर्बी, कॉव्हेंट्री किंवा ल्यूटन ही इंग्लंडमधील शहरे ज्या अर्थाने मोटारींची शहरे होती, त्या अर्थाने नगर कधीच नव्हते. परक्या देशात घडलेले वाहन येथे आणले जाई, उघडले जाई, शिकले जाई, दुरुस्त होई आणि पुन्हा चालविले जाई. म्हणून नगरचा यांत्रिक इतिहास हा मुख्यतः निगराणीचा इतिहास आहे. हे सूत्र ध्यानात ठेवल्यास येथील संग्रहालयाचा अर्थ अधिक नेमकेपणाने कळतो.

२. रणगाडा संग्रहालय आणि सिल्व्हर घोस्ट

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभारलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियमचे उद्घाटन फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झाले. निजामशाही काळातील फराहबाग या महालाच्या परिसरातील या संग्रहालयात सुमारे पन्नास वाहने आहेत. ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन, जपानी, फ्रेंच, रशियन आणि भारतीय बनावटीची वाहने येथे एकाच आवारात पाहावयास मिळतात. आशियातील हे अशा प्रकारचे एकमेव संग्रहालय म्हणून ओळखले जाते.

या संग्रहातील सर्वांत जुने वाहन म्हणजे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती मोटार. सिल्व्हर घोस्ट हे नाव मूळचे एका विशिष्ट मोटारीचे. १९०६ पासून तयार होणाऱ्या ४०/५० अश्वशक्तीच्या या प्रकाराला पुढे तेच नाव रूढ झाले. सहा सिलिंडर, सुरुवातीस ७,०३६ घनसेंटिमीटर व १९१० पासून ७,४२८ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन आणि प्रज्वलनाची दुहेरी व्यवस्था ही तिची वैशिष्ट्ये होत. १९०७ मध्ये सुमारे १५,००० मैलांच्या चाचणीत ती खरी उतरली. १९०८ मध्ये या प्रकारची एक मोटार मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणीत घाट ओलांडून यशस्वी ठरली. खडीच्या रस्त्यांवर आणि चढांवर टिकणारी मोटार म्हणून संस्थानिकांमध्ये तिचा लौकिक झाला.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने याच चासीवर पोलादी पत्रे आणि फिरता बुरूज चढवून चिलखती मोटार तयार केली. लिबियाच्या वाळवंटात आणि हिजाजमध्ये तिचा वापर झाला. युद्धानंतर भारतासाठी घुमटाकार बुरुजाचा वेगळा नमुना तयार करण्यात आला व वायव्य सरहद्दीवर अशा मोटारी फिरू लागल्या. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या यंत्राने संस्थानिकाच्या वैभवाचे प्रदर्शन केले, त्याच यंत्राने साम्राज्याचा धाकही बसविला. राजवाड्यातील मोटार आणि सरहद्दीवरील चिलखती मोटार यांची चासी व इंजिन एकाच घराण्यातील होती. वसाहतवादाच्या अभ्यासकाला हा मुद्दा एखाद्या सरकारी खलित्याइतकाच बोलका वाटावा.

३. मोटार कारखान्यांतून आलेले रणगाडे

संग्रहालयातील मॅटिल्डा, व्हॅलेन्टाइन, चर्चिल आणि सेंच्युरियन हे चार ब्रिटिश रणगाडे पाहिले असता इंग्लंडच्या मोटार उद्योगाचा अर्धशतकाचा पट उलगडतो. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत १९४०-४१ मध्ये गाजलेल्या मॅटिल्डामध्ये सुरुवातीस एईसी या कंपनीची दोन डिझेल इंजिने जोडीने बसविलेली असत. ही कंपनी लंडनच्या बसगाड्यांसाठी प्रसिद्ध होती. व्हॅलेन्टाइनची रचना व्हिकर्सची. कॅनडातील उत्पादन धरून या प्रकारचे आठ हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले. त्याच्याच सांगाड्यावर १७ पौंडी तोफ मागील दिशेस तोंड करून बसविली आणि त्यातून आर्चर हे रणगाडाविरोधी वाहन निर्माण झाले. तेही नगरच्या संग्रहात आहे. चर्चिलचे इंजिन व रचना व्हॉक्सहॉल मोटर्स या मोटार कंपनीची होती. त्याच्या सातव्या आवृत्तीचे पुढील चिलखत १५२ मिलिमीटर जाड होते.

सेंच्युरियनची कथा याहून उद्बोधक आहे. स्पिटफायर या लढाऊ विमानाला उड्डाणबळ देणाऱ्या रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनातून सुपरचार्जर वगळून मीटिऑर हे २७ लिटर क्षमतेचे, बारा सिलिंडरांचे इंजिन तयार करण्यात आले. त्याचे पुढील उत्पादन रोव्हर या मोटार कंपनीकडे आले. सेंच्युरियनमध्ये ते सुमारे ६५० अश्वशक्ती देत असे. अशा प्रकारे विमान, मोटार आणि रणगाडा ही तीन यंत्रे एकाच कारागिरीच्या परंपरेत गुंफली गेली. पुढे व्हिकर्सच्या रचनेवर आधारित ‘विजयंता’ हा रणगाडा आवडी येथे तयार होऊ लागला, तेव्हा त्यातही लेलँडचेच इंजिन होते. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके भारतीय चिलखती दलाचा मोठा भाग ब्रिटिश यंत्रविद्येवर उभा होता, हे यावरून स्पष्ट होते.

४. फामागुस्ता : एका रणगाड्याचे पुनरुज्जीवन

जतन आणि पुनरुज्जीवन यांच्या चर्चेत नगर येथील ‘फामागुस्ता’ या सेंच्युरियन रणगाड्याला विशेष स्थान द्यावे लागते. हा रणगाडा १७ पूना हॉर्स या रेजिमेंटचा. या रेजिमेंटचे मूळ १८१७ च्या पुणे करारानंतर उभारलेल्या घोडदळात आहे. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी याच रेजिमेंटचे नेतृत्व करताना फिल्लौरा व बुटूर डोग्रांदी येथे पराक्रम गाजविला. ते १६ सप्टेंबर १९६५ रोजी धारातीर्थी पडले व मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाले. युद्धाचे ढग जमले तेव्हा ते नगर येथेच तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी आलेले होते. तेथून त्यांना आघाडीवर बोलाविण्यात आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड क्षेत्रात बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. तोफ अद्याप चालत असल्याने त्यांनी रणगाडा सोडण्यास नकार दिला आणि लढत असतानाच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्यांचा रणगाडा पाकिस्तानी सैन्याच्या हाती पडला होता. तो पुढे परत मिळाला, त्याची डागडुजी झाली आणि आज तो नगर येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला आहे. ज्या संस्थेत खेत्रपाल शिकत होते, त्याच संस्थेच्या आवारात त्यांचा रणगाडा उभा आहे.

येथे पुनरुज्जीवनाचा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. लढाईत घायाळ झालेले यंत्र दुरुस्त करून पूर्ववत दिसेल असे करावे, की त्यावरील जखमा तशाच ठेवाव्यात? पूर्ववत केलेल्या रणगाड्यातून रेजिमेंटचा अभिमान व्यक्त होतो, परंतु शत्रूच्या गोळ्याने फाटलेला पत्रा हाच त्या दिवसाचा प्रत्यक्ष पुरावा असतो. रंगाचा नवा थर देताना पुराव्याचा एक थर झाकला जातो. दोन्ही मार्गांना आपापले समर्थन आहे. मात्र कोणता मार्ग केव्हा व का स्वीकारला, याची लेखी नोंद राहणे अत्यावश्यक आहे. अशी नोंद नसेल तर पुढील अभ्यासकाला मूळ भाग व नंतरची दुरुस्ती यांत भेद करणे अशक्य होते.

५. जीर्णोद्धार, दुरुस्ती आणि जतन : संकल्पनात्मक विवेचन

या प्रश्नाचे उत्तर केवळ पाश्चात्त्य संग्रहालयशास्त्रात शोधण्याची गरज नाही. ज्यांचे नाव आज या जिल्ह्याला दिले आहे, त्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. काशीपासून सोमनाथपर्यंत त्यांनी केलेली मंदिरे व घाट यांची बांधकामे जीर्णोद्धाराच्या परंपरेत मोडतात. या परंपरेत वास्तूचा दगड बदलला तरी चालतो, पण पूजा खंडित होता कामा नये. म्हणजेच वापराचे सातत्य हे जीर्णोद्धाराचे मूल्य आहे. आधुनिक संग्रहालयाचे मूल्य याउलट आहे. वापर थांबला तरी चालेल, मूळ द्रव्य टिकले पाहिजे, अशी संग्रहालयाची भूमिका असते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत ही भूमिका जागतिक स्तरावर मांडली.

मोटार ही या दोन मूल्यांच्या सीमेवर उभी असलेली वस्तू आहे. ती न चालविल्यास तिचे तेलपंप, सील आणि बेअरिंग निकामी होतात आणि चालविल्यास तिचे मूळ भाग झिजतात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये अंतिम केलेल्या तुरीन सनदेने या पेचातून मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. वाहनाचा वापर हा त्याचे महत्त्व समजून घेण्याचा भाग आहे, हे या सनदेने मान्य केले. त्याचबरोबर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी व नव्याने बसविलेला भाग ओळखता यावा, असा आग्रहही धरला. इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील टँक म्युझियममध्ये १९२० च्या नमुन्याची रोल्स-रॉइस चिलखती मोटार चालत्या स्थितीत ठेवली आहे. आयर्लंडमध्ये १९२२ साली मायकेल कॉलिन्स यांच्या अखेरच्या प्रवासातील ताफ्यात असलेली ‘स्लीव्ह ना मॅन’ ही याच जातीची मोटारही तेथील सैन्याने पुनरुज्जीवित करून जपली आहे.

नगर जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. पिंपळगाव माळवीजवळील मेहेराझाद येथे अवतार मेहेरबाबा यांच्या भारतप्रवासाशी निगडित ‘निळी बस’ जतन केलेली आहे. १९४९ मध्ये बाबांच्या एकांतवासासाठी या बसचा केवळ वरचा सांगाडा तेथे आणून उभा करण्यात आला. इंजिन आणि चासी यांच्याविना हे वाहन चालणे शक्य नाही. तरीही तिच्या जतनामागील हेतू पूर्णतः साध्य होतो, कारण तेथे जपायचे आहे ते स्मरण. सिल्व्हर घोस्टच्या बाबतीत मात्र यंत्र हाच मजकूर आहे. तात्पर्य, काय जपायचे हे ठरविल्याशिवाय कसे जपायचे हे ठरविता येत नाही.

६. पुनरुज्जीवनातील तांत्रिक अडचणी

ब्रिटिश वाहन दुरुस्त करू पाहणाऱ्या कारागिरापुढे पहिली अडचण येते ती आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या ५५ अंशांच्या आट्यांवर ब्रिटिश यंत्रविद्या उभी राहिली. आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे आहेत. व्हिटवर्थच्या पान्यावरील आकडा बोल्टच्या डोक्याचे माप दाखवीत नाही, तो बोल्टच्या दांड्याचा व्यास दाखवितो. त्यामुळे मेट्रिक पान्याची सवय असलेल्या फिटरकडून बोल्टचे कोपरे झिजण्याची आणि जबरदस्तीने दुसरा नट चढविल्यास मूळ आटे कायमचे बिघडण्याची भीती असते. एक साधा पाना हा येथे जतनाचे साधन ठरतो, तो असा.

दुसरी अडचण बेअरिंगची. जुन्या इंजिनांत कथील, अँटिमनी व तांबे यांच्या मिश्रणाचा, म्हणजेच व्हाइट मेटलचा, रस ओतून बेअरिंग तयार करीत आणि मग हाताने खरवडून ते क्रँकशाफ्टशी जुळवीत. हे काम पुस्तकातून शिकता येत नाही. धातूचा रंग, तापमान आणि खरवडीचा हात यांची जाण उस्तादाकडूनच मिळते. तिसरी अडचण सांगाड्याची. एमजीच्या टी मालिकेसारख्या स्पोर्ट्स कारचा पत्रा ॲश लाकडाच्या चौकटीवर बसविलेला असे. हे लाकूड दख्खनमध्ये मिळत नाही, त्यामुळे पर्यायी लाकूड निवडताना वजन, लवचीकपणा आणि वाळवी यांचा विचार करावा लागतो. याशिवाय जुन्या ब्रेक अस्तरांत व उष्णतारोधक आवरणांत ॲस्बेस्टॉस असल्याची शक्यता असते. ते घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक ठरते.

हवामानाचा परिणामही दुहेरी आहे. नगर पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने कोकण किंवा मुंबईच्या तुलनेत येथे लोखंडाला गंज सावकाश चढतो. वाहनांच्या जतनाला ही गोष्ट पोषक आहे. परंतु कडक ऊन, दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत आणि धूळ यांमुळे रबर तडकते व रंग फुटतो. उघड्यावरील वाहनाच्या आतल्या पोकळ्यांत साचणारे पावसाळ्यातील पाणी तर बाहेरून दिसतही नाही.

अलीकडची अडचण इंधनाची आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे वितरण सुरू झाले व २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. जुन्या नळ्यांचे रबर त्यामुळे फुगते आणि कार्ब्युरेटरमधील बुचाच्या तरंगावर दिलेला लाखेचा थर त्यात विरघळतो. हा प्रश्न नगर जिल्ह्याशी दुसऱ्याही अंगाने जोडलेला आहे. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. आज इथेनॉल हा अशा कारखानदारीचा महत्त्वाचा आधार आहे. शेतकऱ्याला आधार देणारे तेच इंधन जुन्या इंजिनाला बाधक ठरावे, हा संघर्ष खराच आहे. तो शेतकऱ्याच्या हिताआड न येता, नळ्या व सील बदलून आणि त्या बदलाची नोंद ठेवून सोडविणे शक्य आहे.

७. कायद्याची चौकट

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील, खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट त्यात आहे. अशा वाहनाला प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर येता येते, मात्र दैनंदिन वापरास मनाई आहे. दुसरीकडे १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा शंभर वर्षे पूर्ण झालेल्या ऐतिहासिक वस्तूला पुरावशेष मानतो. सिल्व्हर घोस्टचे इंग्लंडमधील उत्पादन १९२५ मध्ये थांबले. म्हणजेच वयाच्या निकषावर इंग्लंडमध्ये बनलेल्या या मोटारी आता पुरावशेषांच्या वर्गात येऊ शकतात आणि दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे २०४० च्या आसपास त्या उंबरठ्यावर येतील. मोटारीला पुरावशेष मानून तिचा अभ्यास करण्याची तयारी इतिहास व पुरातत्त्व विभागांनी आतापासून करणे म्हणूनच गरजेचे आहे.

८. कौशल्याचा वारसा

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध असल्याने परदेशी मोटारींचे सुटे भाग दुर्मीळ झाले. परिणामी लेथवर भाग घडविणारे टर्नर, पत्रा ठोकून आकार देणारे डेंटर आणि एका गाडीचा भाग दुसरीला बसविणारे मिस्त्री यांचा मोठा वर्ग उदयास आला. संग्राहकाच्या दृष्टीने त्यांच्या कामामुळे अनेक मोटारींचे मूळ स्वरूप बिघडले. परंतु या कारागिरांनीच त्या मोटारी भंगारात जाण्यापासून वाचविल्या, हेही तितकेच खरे. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित अँबॅसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत राहिली. त्यामुळे ब्रिटिश पद्धतीच्या यंत्ररचनेची जाण तालुक्याच्या गॅरेजपर्यंत टिकून राहिली. अँबॅसेडर टॅक्सीचा एसयू कार्ब्युरेटर जुळविणारा मिस्त्री एमजी स्पोर्ट्स कारचा कार्ब्युरेटरही जुळवू शकत असे, कारण दोन्ही एकाच कुळातले. सैन्यात हीच जाण ईएमई दलाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली.

ही साखळी आता तुटण्याच्या बेतात आहे. अँबॅसेडर बंद होऊन एक तप उलटले आहे. सेंच्युरियन आणि विजयंता सेवेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची देखभाल केलेले जवान व फिटर वृद्धत्वाकडे झुकले आहेत. त्यांच्या हातांतील ज्ञान कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेले नाही. संग्रहालयातील रणगाडा आणखी शंभर वर्षे उभा राहू शकेल, परंतु त्याचे इंजिन कसे जुळविले जात असे हे सांगणारा माणूस तेवढी वाट पाहू शकणार नाही. वस्तू जपली आणि कौशल्य गमावले, तर संग्रहालयात उरेल ते केवळ लोखंड. निगराणी हाच नगरच्या यांत्रिक इतिहासाचा गाभा असल्याने ही हानी अन्य कोणत्याही शहरापेक्षा येथे अधिक मोठी ठरेल.

निष्कर्ष :

१. अहमदनगरचे यांत्रिक इतिहासातील स्थान मुख्यत्वे वाहनांचे प्रशिक्षण, दुरुस्ती आणि निगराणी यांच्या केंद्राचे आहे.

२. रणगाडा संग्रहालयातील ब्रिटिश वाहने युद्धाची स्मारके आहेत, तसेच ती मोटार उद्योग, वसाहतवाद आणि तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीची प्राथमिक साधने आहेत.

३. जीर्णोद्धाराची भारतीय परंपरा वापराच्या सातत्याला, तर आधुनिक संग्रहालयशास्त्र मूळ द्रव्याला महत्त्व देते. वाहनांच्या बाबतीत या दोहोंचा समन्वय आवश्यक असून लेखी नोंद हा त्या समन्वयाचा पाया आहे.

४. आटे, बेअरिंग, लाकूड, रबर व इंधन यांविषयीच्या अडचणी सोडविण्याजोग्या आहेत. मात्र त्या सोडविण्याचे ज्ञान असलेली पिढी झपाट्याने कमी होत आहे.

५. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी निवृत्त सैनिक, फिटर, टर्नर व गॅरेजचालक यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन प्रकल्पकार्याच्या स्वरूपात हाती घ्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सहकार्याने त्यांच्या कार्यपद्धतीचे चित्रीकरण व रेखाटन करून घ्यावे. या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती वेळेत सुरुवात करण्याची. किल्ल्याच्या तटबंदीचा अभ्यास पुढील पिढीलाही करता येईल, पण मिस्त्रीच्या हातातील विद्येची नोंद करण्याची संधी याच पिढीला उपलब्ध आहे.